लेव्ह गेला, युरो आला : मुदत ठेव मोडायची का?

देवगडहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून दोघांनी सप्टेंबरात बल्गेरियाला जायचं ठरवलं. युरोपात त्यातल्या त्यात परवडणारा देश, म्हणून तो निवडला. पण 1 जानेवारी 2026 पासून तिथे लेव्ह हे जुनं चलन जाऊन युरो आला आणि ‘आता सगळं दामदुप्पट होणार’ असं जो तो सांगू लागला. जुलैत मुदत संपणारी तीन लाखांची ठेव आत्ताच मोडून युरो घेऊन ठेवावेत, की बेतच रद्द करावा, असं ते विचारतात.

दोन्ही करू नका.

लेव्ह हा मोकळा सुटलेला पैसा नव्हताच. 1997 मध्ये तो जर्मन मार्कशी बांधला गेला, पुढे युरोशी. गेली कित्येक वर्षं एका युरोला 1.95583 लेव्ह हाच दर होता आणि त्याच दराने आता बदल झाला. म्हणजे तुमचा रुपया तिथे किती पुरेल हे आधीपासून युरोच ठरवत होता.

भाव थोडे चढतात ते अपूर्णांक सरळ करताना. 1957 मध्ये आपल्याकडे नये पैसे आले तेव्हा आण्याचे सव्वासहा पैसे होत. पाव पैसा कुठल्या तरी बाजूला ढकलावाच लागे. कॉफी, पाव, बसचं तिकीट अशा किरकोळ गोष्टींत हे जाणवतं. क्रोएशियात 2023 मध्ये कुना जाऊन युरो आला तेव्हाही कॅफे आणि बेकऱ्यांबद्दल लोक चिडले होते. पण तिथली महागाई नोव्हेंबर 2022 मध्येच, म्हणजे युरो यायच्या आधीच, 13 टक्क्यांच्या घरात होती. चलनबदलाचा वाटा टक्क्याच्या काही दशांशांइतकाच होता.

आता तुमचा हिशेब. दोघांचा तिथला खर्च 2,500 युरो धरू. त्यातले 500 खाण्यापिण्याचे, आणि ते दहा टक्क्यांनी महागले असं समजा, तरी 50 युरो वाढतात. शंभरच्या दराने पाच हजार रुपये. उलट 2025 च्या सुरुवातीला 90 रुपयांच्या आतबाहेर असलेला युरो वर्ष संपेपर्यंत शंभरी ओलांडून गेला. दर 90 वरून 105 झाला की त्याच 2,500 युरोंना 37,500 रुपये जास्त पडतात. तुमची खरी धास्ती ही हवी, आणि ती ग्रीस किंवा इटलीला गेलात तरी राहणारच.

म्हणून युरो एकदम घेऊ नका. एक तृतीयांश आत्ता बचत खात्यातून फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परदेशी चलन आधी भरून ठेवायच्या कार्डवर, भरा. भराल त्या दिवसाचा दर पक्का होतो. दुसरा हप्ता आंब्याचे पैसे हातात आल्यावर, जूनमध्ये. तिसरा जुलैत, ठेव आपसूक सुटल्यावर. आज ठेव मोडली तर व्याजातून दंड जाईल. शिवाय कलमांचं उत्पन्न यंदा कसं येतं हे कळायच्या आत घरातली हुकमी रक्कम परदेशी चलनात अडकवणं मला पटत नाही. मोहोर गळून गेलेली वर्षं तुम्ही पाहिली आहेत.

एक फायदा मात्र नक्की झाला. पूर्वी रुपयाचे युरो आणि तिथे युरोचे लेव्ह, अशी दोनदा कात्री लागे. आता एकदाच लागेल. उरलेल्या नोटा पुढच्या सहलीलाही चालतील.

सप्टेंबर निवडलात हे उत्तम. मालवणात मे महिन्यात आणि नाताळात खोलीचे दर कसे चढतात हे तुम्हाला सांगायला नको. बल्गेरियाच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर तो हंगाम जुलै-ऑगस्टचा. समुद्र तर तुमच्या दारातच आहे, तेव्हा प्लॉव्हदिव हे जुनं शहर आणि डोंगरातला रिलाचा मठ यांना एक-दोन दिवस जास्त द्या. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) माणशी 90 युरो वेगळे काढून ठेवा आणि अर्ज लवकर करा, तारखा मिळायला वेळ लागतो.

तिथे कुणी स्वस्तात लेव्हच्या जुन्या नोटा देऊ केल्या तर घेऊ नका, त्या दुकानात चालत नाहीत. आणि कार्ड घासताना किंवा एटीएमवर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं, तर दर वेळी युरोच निवडा.