१९७० च्या आधीचं कोल्ट १९११ पिस्तूल रोज कमरेला लावणं सुरक्षित आहे का?

हो, पण स्प्रिंगा बदलून आणि सेफ्टी तपासून घेतल्यावरच. १९८३ मध्ये कोल्टची 'सिरीज ८०' ही आवृत्ती येईपर्यंत या पिस्तुलांत सहसा फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आदळून ती उडवणारी सुई) अडवणारा ब्लॉक नसे. पिन मागे धरते ती फक्त एक बारीक स्प्रिंग. ती थकलेली असली आणि पिस्तूल नळीच्या तोंडावर कडक फरशीवर आपटलं, तर पिन स्वतःच्या वेगानेच पुढे जाऊन गोळी सुटू शकते. थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा सुरक्षा-खटका) लावलेली असली तरीही! म्हणून ही स्प्रिंग आणि रिकॉइल स्प्रिंग (गोळी सुटल्यावर मागे गेलेला वरचा भाग पुढे आणणारी; .४५ कॅलिबर, ५ इंची नळीला १६ पौंडांची) आधी नवी टाका. मग मॅगझिन काढून, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची दोनदा खात्री करून हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबून सोडा, सेफ्टी काढा आणि हॅमर अंगठ्याने जरासा मागे ओढा. 'टिक' असा बारीक आवाज आला तर सिअर (चढवलेला हॅमर अडकवून ठेवणारा भाग) जागचा हललाय. गनस्मिथने नीट बसवून देईपर्यंत ते भरून बाळगू नका. मात्र नुसत्या सालावरून ठरवू नका, कारण आजही बरीच नवी १९११ या ब्लॉकशिवायच बनतात.