अंदमानला पहिल्यांदा जाताना

भाऊ, भुसावळहून हावडा मेल धर, कोलकात्याहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला सोडतं. 2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय.

घड्याळ तिथं आपलंच, पण सूर्य डिसेंबरात पाचलाच मावळतो! मी जळगावच्या हिशेबानं साडेपाचला स्वराज द्वीपावरच्या (पूर्वीचं हॅवलॉक बेट) राधानगर किनाऱ्यावर गेलो आणि अंधार बघून परतलो. तू चारलाच वाळूवर बस. स्वराज द्वीपाची बोट आधी बुक कर. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीचा दिवस श्री विजयपुरमलाच काढ. प्रवाळाचा तुकडा उचलू नकोस, विमानतळावर सामान तपासतात. आणि हो, जेवण मिळमिळीत वाटेल, मिरचीचा ठेचा घरूनच ने.