वहीसमोर बसलेला परीक्षक

"मॅडम, आधी मी लई चित्रं काढायचे. आता कायच सुचंना गेलंय."

चित्राच्या जागी कुणी कविता म्हणतं, कुणी तबला, कुणी रांगोळी. बाकी वाक्य तेच. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी ही माणसं बहुतेक तिशी-चाळिशीतली असतात. बीड, परभणी, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला नोकरीसाठी आलेली, हप्त्यावर फ्लॅट घेतलेली, चिकलठाणा नाहीतर वाळूजची कंपनीची बस पकडणारी. थोडं बोलणं झालं की खरा प्रश्न बाहेर येतो: "माझ्यातली कला संपली का?" हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे की एकदा त्याचं उत्तर सविस्तर लिहावं असं वाटलं. त्यासाठी एकीची गोष्ट घेते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, आणि आठ भेटींतलं मोजकंच इथे आहे.

वसुधा, वय ३४. कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी. सकाळी सव्वासातला बस, संध्याकाळी साडेसहाला घरी. घरात नवरा, सासू, तिसरीतला मुलगा. कपाटात दोन वर्षांपासून जाड कागदाची वही, जलरंगांच्या चोवीस ट्यूबा आणि तीन ब्रश. वहीचं पहिलं पान कोरं. "शहरात राहून मी कोरडी पडले," असं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं.

वेळेचा मुद्दा आम्ही लवकर संपवला. अशा माणसाला सगळे "वेळ काढ" एवढंच सांगतात, आणि महिनोन्महिने वाद त्याच्यावरच चालतो. आम्ही कागदावर तिचा आठवडा तासातासाने मांडला. रात्री जेवणानंतर चाळीस-पन्नास मिनिटं मोबाइलवर जात होती, रविवारची सकाळ मोकळी होती. म्हणजे गाठ दुसरीकडे होती.

मी तिला आठवडाभर चित्र काढू नका असं सांगितलं. फक्त एक करायचं. चित्राचा विचार आला आणि तरी बसणं झालं नाही, तर त्या क्षणी मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायचं. सुधारायचं नाही, छान करायचं नाही. पुढच्या वेळी ती अकरा वाक्यं घेऊन आली. त्यातली काही अशी:

"सलग दोन तास मिळाले तरच बसण्यात अर्थ आहे."
"पहिलं पान चांगलंच आलं पाहिजे."
"काढायचं तर नीटच काढावं."
"आता हात पूर्वीसारखा चालणारच नाही."
"बाहेर बसलं तर लोक बघणारच."

मी तिच्या हातात लाल पेन दिलं आणि म्हटलं, "प्रत्येक 'च'ला गोल करा." अकरा वाक्यांत तेरा गोल झाले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती मला जवळची आहे. प्रसंग माणसाला जेवढा अडवतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल त्याने स्वतःवर घातलेली सक्ती अडवते, ही त्यांची मांडणी. इंग्रजीत ही सक्ती 'मस्ट', 'शुड' अशा शब्दांत दिसते. आपल्या भाषेत ती एका अक्षरात सापडते, आणि पेन धरता येणाऱ्या कुणालाही ती स्वतःची स्वतः सापडते. हे मला वाक्यांचे असे कागद वाचता वाचता दिसलं, आणि तेव्हापासून लाल पेन माझ्या टेबलावर कायम असतं.

प्रत्येक 'च' वाईट नसतो, हेही सांगायला हवं. "सकाळी मी चहा घेतेच" या वाक्याने कुणाचं काही अडत नाही. पारख करायची असेल तर 'च पाहिजे' काढून तिथे 'तर बरं' घालून पाहा. "पहिलं पान चांगलं आलं तर बरं." इच्छा तशीच राहिली आणि छातीवरचा भार कमी झाला, तर तो 'च' फालतू होता.

वसुधाला मी तिचीच वाक्यं 'च' वगळून मोठ्याने वाचायला सांगितली. चार वाचली आणि पाचव्यापाशी थांबली.

"मॅडम, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला मला ए ग्रेड होता."

"हो, पहिल्या दिवशी सांगितलंत."

"आमच्या सरांनी माझं स्थिरचित्र वर्गात लावलं होतं. तांब्या, मागं निळं कापड, पुढं दोन वांगे. सर म्हणले, बघा रे, असं यायला पाहिजे."

"मग?"

"मग काय. त्याच्यानंतर खराब काढायची सोयच राहिली नाही."

त्यानंतर ती रडली. मी काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि थांबले. अशा वेळी समजावायला गेलं की माणूस पुन्हा आवरून बसतो. दोन-तीन मिनिटांनी तिने डोळे पुसले, तेव्हा म्हटलं, "अठरा वर्षं झाली, वसुधाताई. निकाल लागला, ग्रेडही मिळाला. पण परीक्षक अजून तुमच्या वहीसमोर बसलेला आहे. त्याला उठवू."

माझ्याकडे येणाऱ्यांत, लहानपणी ज्यांची कुणी दखल घेतली नाही त्यांच्यापेक्षा ज्यांचं फार कौतुक झालं ते जास्त अडकलेले दिसतात. कौतुक मोजपट्टी होऊन बसतं. वसुधाची कला जागेवर होती. संपली होती ती खराब काढण्याची परवानगी.

पुढचं सगळं काम एका उलट क्रमावर चाललं. "मन लागलं की बसेन" असं आपण धरून चालतो. खरं तर बसलं की मन लागतं, आणि कधीकधी तेही लागत नाही. हे पटवून सांगायला मी गेले नाही. तिने स्वतः मोजावं अशी रचना केली.

कपाटातली वही तशीच ठेवली. साधा जाड कागद कापून पोस्टकार्डाएवढे, म्हणजे दहा बाय पंधरा सेंटिमीटरचे तीस तुकडे केले. पेन्सिल एकच, ४बी. खोडरबर नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर, आणि गजर झाला की रेघ अर्धी असली तरी थांबायचं. अर्धवट चित्र दुसऱ्या दिवशी ओढ लावतं, आणि अर्धवट असल्यामुळे त्याला 'नीट' की 'बिघडलेलं' असा शेराही मारता येत नाही. काय काढायचं ते आदल्या रात्री ठरवायचं, नाहीतर दहातली सात मिनिटं निवडण्यातच जातात. पहिल्या आठवड्याची यादी आम्ही बसून केली: दारातल्या चपला, कुकरची शिट्टी, तुळशीची कुंडी, बादली-मग, दोरीवरचे चिमटे, जेवणाचा डबा, मुलाचं दप्तर. कार्डाच्या मागे तारीख आणि दोन आकडे लिहायचे, बसण्याआधी दहापैकी किती इच्छा होती आणि उठताना किती. चित्र कसं झालं, याला आकडा नाही.

सात दिवसांत पाच कार्डं झाली. आधीचे आकडे २, १, ३, १, २. नंतरचे ४, ४, ५, १, ६. चौथ्या दिवशी काहीच हललं नाही. त्या दिवसाबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण लोक असे दिवस लपवतात. वसुधा कार्डं उलटी मांडून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इच्छा एकाही दिवशी नव्हती. तरी झालं की." ते तिने स्वतःच्या अक्षरातल्या आकड्यांवरून वाचलं होतं, म्हणून टिकलं.

घरी सांगण्याची अडचण मात्र आलीच. "मला थोडा वेळ द्या" ही मागणी घरात कुणाला ऐकूच येत नाही, कारण त्यात करायचं काय ते नसतं. आम्ही वाक्य बदललं: "पावणेनऊ ते नऊ मी गॅलरीत आहे. तेवढ्यात शिट्टी झाली तर गॅस तुम्ही बंद करा." सासूबाईंनी पहिल्याच दिवशी केलं.

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. तिने तीन हजारांचे नवे जलरंग मागवले आणि एकही कार्ड काढलं नाही. सामान घेतल्यावर काम केल्यासारखं समाधान मिळतं आणि हात थंड पडतो. तो डबा न उघडता परत केला. नियम केला, तीस कार्डं होईपर्यंत नवं काही आणायचं नाही. मग एक कार्ड स्टेटसला ठेवलं. "छान", "मस्त" आलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं, कारण परीक्षक परत आला होता, या वेळी घोळक्याने. म्हणून तीस होईपर्यंत दाखवायचंही नाही. दिवस चुकला तर त्याची उधारी नाही, दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटं. वीस करायला गेलं की तिसऱ्या दिवशी "आता सोमवारपासून" सुरू होतं.

मग कपाटातली वही आणि रंग घेऊन बाहेर पडायची वेळ आली. "आपल्या शहरात काढण्यासारखं काय आहे?" असं तिने विचारलं होतं. हे शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं, आणि ती रोज बसमधून त्यांच्या जवळून जात होती. आम्ही भडकल दरवाजा निवडला. मलिक अंबरने १६१२ मध्ये विजयाची खूण म्हणून तो बांधला. वेळ रविवारी सकाळी पावणेसातची. तेव्हा गाड्या कमी असतात, तिरप्या उन्हात कमानीची सावली स्पष्ट पडते, आणि मार्चनंतर आपल्याकडे नऊच्या पुढे उघड्यावर बसणं शक्य होत नाही.

बसताना पाठ भिंतीला लावायची, म्हणजे मागे उभं राहून कुणी डोकावत नाही. पेनची शाई पाण्यात न फुटणारी हवी. घरीच रेघ ओढून दोन मिनिटांनी ओलं बोट फिरवून पाहायचं, नाहीतर रंग लावताना सगळी रेघ वाहून जाते. रंग तीन पुरतात: यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा. शेवटचे दोन मिसळले की आपल्या काळ्या दगडाचा करडा मिळतो. एप्रिलच्या हवेत रंग पसरायच्या आत वाळतो आणि कडा दिसतात, म्हणून आधी साध्या पाण्याने कागद ओला करून तळहाताएवढाच भाग घ्यायचा. मेमध्ये रंग घरीच ठेवायचे.

कमान सगळ्यांचीच अरुंद आणि उंच येते, कारण माणूस फार जवळ बसतो. दरवाज्याच्या उंचीच्या निदान तिप्पट लांब बसायचं. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर कमानीची रुंदी मोजायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचं. आधी चौकट, मग मधली उभी रेघ, आणि त्या रेघेपासून दोन्ही बाजू सारख्या मोजून मगच कमानीचा बाक.

राहिली लोकांची भीती. "बघू देत हो" असं म्हणून ती जात नसते. सगळ्यात नको वाटणारं वाक्य कोणतं, ते आम्ही आधी लिहून काढलं: "हे काय काढायलात?" उत्तर ठरवलं, "दरवाजा." एवढंच. खुलासा नाही, "सहज आपलं" नाही. कुणी पाहिलं तर वही मिटायची नाही, हा त्या बैठकीचा एकच नियम.

पहिले दोन रविवार कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या रविवारी सायकलवरचा दहा-बारा वर्षांचा मुलगा थांबला. त्याने वहीकडे पाहिलं, दरवाज्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, कमान तिरकी झाली तुमची."

वसुधाने हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. म्हणाली, "माझे कान गरम झाले. वही मिटायला हात गेला. अन् मी म्हणले, हो, झाली की. अन् काढत राहिले." मुलगा गेला नाही. सायकलवर एक पाय टेकवून बराच वेळ उभा राहिला. मग वर बोट दाखवून म्हणाला, "तिथं कबुतर बसलंय, ते राहिलं." तिने कबुतर काढलं.

अठरा वर्षं ज्याची भीती होती ते वाक्य तिच्या तोंडावर, भर रस्त्यात, कुणीतरी बोललं होतं. तिने ते मान्य केलं, आणि पेन चालूच राहिलं. मी चार भेटींत जे सांगू शकले नसते ते त्या पोराने एका वाक्यात केलं. तिची तयारी आधी झाली होती म्हणून ते कामी आलं, हेही मला ठाऊक आहे. सरावाशिवाय तेच वाक्य कानावर पडलं असतं तर वही पुन्हा कपाटात गेली असती.

पुढे ती पाणचक्कीला गेली. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आणलेलं पाणी तिथे भिंतीवरून हौदात पडतं. पडतं पाणी काढताना बहुतेक जण पाण्याच्याच रेघा मारत बसतात आणि त्याची जाळी होते. पाणी काढायचंच नाही. तेवढा कागद पांढरा सोडायचा आणि मागची ओली भिंत गडद करायची.

एक गोष्ट बजावून सांगते. चित्रच नव्हे तर जेवण, झोप, माणसं, काहीच नकोसं झालं आहे आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, अशा वेळी कार्डं आणि गजर पुरेसे नाहीत. तिथे मनोविकारतज्ज्ञांना भेटायचं. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. वसुधाच्या बाबतीत हे मी पहिल्या भेटीतच तपासलं होतं.

आठव्या भेटीला ती रबर लावलेला गठ्ठा घेऊन आली. एकेचाळीस कार्डं होती. तिने ती मोजली होती, पण चांगली-वाईट वेगळी केली नव्हती.

"मॅडम, तीसच्या वर झाले. आता नवे रंग घेऊ का?"

"कपाटातल्या चोवीसपैकी काय संपलं?"

तिने थोडा विचार केला. "बर्न्ट सिएना. ट्यूब पार चेपून घेतली."

"मग तेवढी एक घ्या."

जाताना औरंगपुऱ्यातल्या दुकानात थांबते म्हणाली.