‘माझा दोष नव्हता’ हे वाक्य वगळून सांगा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३६ वर्षांची असून गेली आठ वर्षे एचआयव्हीसह जगते आहे. संसर्ग मला नवऱ्याकडून झाला. आम्ही आता विभक्त आहोत. मी रोज एक गोळी घेते आणि गेली सहा वर्षे तपासणीत माझ्या रक्तात विषाणू सापडलेला नाही. घरात फक्त आई आणि भाऊ यांना हे ठाऊक आहे. मध्यंतरी कार्यालयात एका सहकाऱ्याला ‘तो रोग’ असल्याची कुजबुज सुरू झाली आणि कोणीतरी त्याच्या कपाच्या तळाला मार्करने फुली मारून तो कप इतरांच्या कपांमधून काढून सिंकखाली ठेवला. मी ते पाहिले आणि गप्प बसले. तेव्हापासून स्वतःबद्दल उघडपणे बोलावे असे सारखे वाटते. आई म्हणते, झाकली मूठ कशाला उघडायची. भाऊ म्हणतो, सांगायचेच असेल तर नवऱ्यामुळे झाले, तुझा काही दोष नव्हता, हे पहिल्याच वाक्यात सांग, म्हणजे लोक नावे ठेवणार नाहीत. त्याची मुलगी १५ वर्षांची आहे आणि तिला यातले काही माहीत नाही. मी सांगावे का, आणि सांगितले तर कसे?

— एक वाचक

प्रिय वाचक,

तुमच्या भावाचा सल्ला मायेपोटी आलेला आहे यात शंका नाही. परंतु नेमके तेच वाक्य तुम्ही उच्चारू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ‘सांगावे का’ या प्रश्नाकडे वळण्याआधी मी त्याविषयीच लिहिणार आहे. काय सांगायचे हे ठरल्याशिवाय सांगायचे की नाही, हे ठरवणे कठीण आहे.

‘नवऱ्यामुळे झाले, माझा दोष नव्हता’ हे विधान खरेच आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते काय करते ते पाहा. ज्याअर्थी या बाई न विचारता स्वतःला निर्दोष म्हणवून घेत आहेत, त्याअर्थी या आजारात एरवी कोणीतरी दोषी असतेच, ही समजूत त्याने पक्की होते. तुम्ही आरोपातून सुटता आणि आरोप जागच्या जागी राहतो. ज्या सहकाऱ्याचा कप सिंकखाली गेला, त्याच्याजवळ असे सांगण्यासारखे काही नसेल तर? त्याला संसर्ग झाला असेलच, आणि तो एखाद्या रात्रीच्या ओळखीतून, नशेच्या सुईतून किंवा ज्या नात्याविषयी तो कार्यालयात बोलू शकत नाही अशा नात्यातून झाला असेल, तर तुमचे वाक्य ऐकून मंडळी तुम्हाला ‘बिचारी’ म्हणतील आणि त्याच्याकडे अधिक निर्धास्तपणे बोट दाखवतील. ज्याच्यासाठी तुम्हाला तोंड उघडावेसे वाटले, त्याचीच बाजू तुमच्या बोलण्याने पडेल.

शिवाय निर्दोषपणाचे हे कवच भावाला वाटते तितके भक्कमही नाही. अमेरिकेतील रायन व्हाइट या मुलाला हिमोफिलियासाठी, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारासाठी, दिल्या जाणाऱ्या रक्तघटकांतून संसर्ग झाला आणि डिसेंबर १९८४ मध्ये, वयाच्या १३व्या वर्षी, त्याला एड्स असल्याचे निदान झाले. दोष शोधायचाच म्हटला तर या मुलात तो कोणाला सापडणार होता? तरीही शाळेने त्याला वर्गात येऊ दिले नाही, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि पुढे त्या कुटुंबाच्या घराच्या खिडकीतून गोळी झाडली गेली. वर्तमानपत्रे त्याला निष्पाप बळी म्हणत राहिली. आपण या आजाराच्या इतर रुग्णांपेक्षा वेगळे आहोत, असे तो मुलगा स्वतः मात्र मानत नव्हता. १९९० मध्ये, १८ वर्षांचा असताना, तो गेला. घाबरलेली माणसे समोरच्याचा दोष मोजून मग घाबरत नाहीत, एवढे यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट, जी रागाच्या भरात सहज नजरेआड होते. ‘नवऱ्यामुळे’ असे म्हणताक्षणी तुम्ही दुसऱ्या एका माणसाचाही आजार जाहीर करता. त्याने तुमच्याशी कसे वागावे आणि तो कसा वागला यातले अंतर मी जाणते, आणि तुम्ही त्याची कड घ्यावी असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु स्वतःचा अहवाल कोणापुढे उघडायचा हा अधिकार जसा तुमचा आहे, तसा तो त्याचाही आहे. कोणाकडून कोणाला संसर्ग झाला हे रक्ताच्या साध्या अहवालावरून सिद्ध होत नाही, त्यामुळे उद्या त्याने उलट तुमच्यावरच बोट रोखले, तर तुम्ही नको त्या वादात ओढल्या जाल. झालेल्या फसवणुकीविषयी जरूर बोला, मात्र समुपदेशकाजवळ किंवा जिवाभावाच्या मैत्रिणीजवळ, आपले दुःख म्हणून बोला. चारचौघांपुढे ते चारित्र्याचा दाखला म्हणून वापरण्याची गरज नाही.

दाखल्यांचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या एका दाखल्याबाबतही सावध करते. तुमचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, सापडण्याच्या पातळीखाली आहे ही उत्तम गोष्ट आहे, आणि तिचा अर्थ कार्यालयातील फारच थोड्या जणांना ठाऊक असेल. उपचारांनी विषाणू दाबला गेलेल्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही. एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशा शेकडो जोडप्यांचा ‘पार्टनर’ या नावाचा युरोपीय अभ्यास २०१६ आणि २०१९ मध्ये दोन टप्प्यांत प्रसिद्ध झाला. ही जोडपी निरोध वापरत नव्हती, तरीही उपचाराखालील जोडीदाराकडून दुसऱ्याला संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आता हेच निःसंदिग्धपणे सांगते. ही माहिती तुम्ही अवश्य द्यावी, कारण लोकांच्या मनातील या आजाराचे चित्र बहुतेक वेळा १९९६ च्या आधीचे, म्हणजे प्रभावी संयुक्त औषधोपचार येण्यापूर्वीचे असते, आणि वेळेवर उपचार सुरू झालेला माणूस जवळपास इतरांइतकेच आयुष्य जगतो हे त्या चित्रात कुठेच नसते.

पण ही माहिती ‘म्हणून मला घाबरू नका’ अशा विनवणीच्या सुरात देऊ नका. ज्याचे उपचार कालच सुरू झाले, ज्याची औषधे मध्ये सुटली किंवा ज्याला ती मिळालीच नाहीत, त्याच्या कपातूनही कोणाला काही होत नाही. हा विषाणू रक्त, वीर्य, योनीतील आणि गुदाशयातील स्राव व अंगावरचे दूध यांतूनच पसरतो. लाळ, घाम, अश्रू, स्पर्श, भांडी, स्वच्छतागृह यांतून तो पसरत नाही. सिंकखाली ठेवलेला कप तुमच्या व्हायरल लोडचा आकडा कितीही असता तरी तितकाच मूर्खपणाचा ठरला असता.

आता तुमचा पहिला प्रश्न. सांगणे हे तुमचे कर्तव्य नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि शरीरसंबंध असलेला जोडीदार यांच्यापलीकडे सहसा कोणाला हे कळण्याची गरज नसते. (जोडीदाराला सांगण्याबाबत निरनिराळ्या देशांचे कायदे निरनिराळे आहेत, आणि काही ठिकाणी विषाणू दाबलेला असतानाही न सांगणे गुन्हा ठरतो, तुमच्या कायद्याची नीट माहिती करून घ्या.) उघडपणे बोलणारी माणसे शूर आणि न बोलणारी भित्री, अशी एक विभागणी अलीकडे रूढ होऊ पाहते आहे, आणि मला ती अजिबात मान्य नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ राहणाऱ्या गुगू द्लामिनी या तरुण आईने १९९८ च्या जागतिक एड्स दिनी रेडिओवरून आपण पॉझिटिव्ह असल्याचे सांगितले, आणि त्यानंतर काही दिवसांतच वस्तीतील जमावाने तिला मारहाण करून ठार केले. त्याच देशातील न्यायाधीश एडविन कॅमेरॉन यांनी एप्रिल १९९९ मध्ये स्वतःला हा संसर्ग असल्याचे जाहीर केले. तिच्या हत्येने त्यांना हलवून सोडले होते. तिच्यापाशी नसलेले संरक्षण आपल्याला पदामुळे आणि पगारामुळे मिळालेले आहे, आणि तरी आपण गप्प आहोत, ही बोच त्यांनी पुढे मोकळेपणी लिहिली. मला कॅमेरॉन यांचा हा हिशेब प्रामाणिक वाटतो. बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, म्हणून ज्याला ती कमी पडते त्याने आधी बोलावे.

तेव्हा तुमची किंमत किती, हे शांतपणे मोजा. नोकरी गेल्यास किती महिने निभावेल? घर कोणाच्या नावावर आहे? विभक्त पतीकडून त्रास होण्याचा संभव आहे का? कार्यालयात आजारपणाची माहिती गुप्त ठेवण्याचा लेखी नियम आहे का, आणि तो मोडल्यास दाद कोणाकडे मागायची? ज्या दिवशी सांगाल त्या संध्याकाळी तुम्ही कोणाच्या घरी जाल? या प्रश्नांची उत्तरे बरी असतील, तर माझे मत तुम्ही बोलावे असे आहे. कप पाहिल्यापासूनची तुमची तगमग तात्पुरती दिसत नाही, आणि आठ वर्षे गोळीची वेळ सांभाळून लपून घेण्याचा शीण तुम्ही लिहिला नसला तरी तो पत्रात जाणवतो.

क्रम मात्र पाळा. आधी आई. ‘झाकली मूठ’ म्हणणाऱ्या आईने हे गुपित तुमच्याइतकीच वर्षे सांभाळले आहे, आणि तुम्हाला निदान डॉक्टर व समुपदेशक तरी होते. तिला बोलायला कोणी होते का, हे विचारून पाहा. तिची परवानगी मागू नका, पण तुम्ही बोलल्यावर तिला नातलगांकडून काय ऐकावे लागेल आणि त्याला तिने काय उत्तर द्यावे, हे तिच्यासोबत बसून ठरवा. कदाचित तिलाही आपल्या एखाद्या बहिणीला हे सांगून मोकळे व्हायचे असेल.

त्यानंतर भाची. तिला ही बातमी बाहेरून कळता कामा नये. १५ वर्षांच्या मुलीला आजार, गोळी आणि विषाणू हे सगळे दहा मिनिटांत समजते. आपल्यापासून हे लपवले गेले, हे समजून घ्यायला तिला जास्त वेळ लागेल आणि तो तिला द्यावा. ती तुमच्या भावाची मुलगी आहे, म्हणून हे त्याला विश्वासात घेऊनच करा. त्याची धास्ती तुमच्या आजाराची नसून मुलीकडे बोट दाखवले जाण्याची असावी असा माझा अंदाज आहे. ती त्याने शब्दांत मांडली, तर तिच्यावर काही उपाय तरी शोधता येईल.

कार्यालय शेवटी. तेथेही सर्वांसमोर एकदम जाहीर करू नका, आणि समाजमाध्यमावर तर नाहीच, कारण तेथून शब्द परत घेता येत नाहीत. ज्याच्या सभ्यतेचा अनुभव घेतला आहे अशा एका व्यक्तीला आधी सांगा आणि ती बातमी पुढे कशी नेते हे काही आठवडे पाहा. बोलायचे वाक्य आधी तयार ठेवा; मी असते तर म्हटले असते, ‘मला एचआयव्ही आहे, उपचार सुरू आहेत, तब्येत चांगली आहे, आणि तुमच्या मनात भीती असेल तर मला विचारा.’ ‘कसा झाला?’ हा प्रश्न येईलच, बहुधा सहानुभूतीच्या सुरात येईल. त्यावर ‘ते मी सांगत नाही’ एवढे म्हणून थांबा. पुढची शांतता अवघड जाईल. ती भरून काढण्यासाठी पतीचा विषय काढू नका. रागाच्या दिवशी तर मुळीच बोलू नका. उद्या पुन्हा कप हलवलेला दिसला, तरी त्या क्षणी स्वतःचा आजार उत्तरादाखल पुढे करू नका.

त्या क्षणी करण्यासारखे दुसरे काही आहे, आणि ते तुम्ही स्वतःबद्दल चकार शब्द न काढताही करू शकता. १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात राजकन्या डायना यांनी एड्सच्या रुग्णाशी हातमोजे न घालता हस्तांदोलन केले. ते छायाचित्र जगभर गेले, पण त्यातील रुग्ण पाठमोरा आहे, कारण ओळख उघड न करण्याच्या अटीवरच तो तयार झाला होता. चेहरा न दाखवताही त्याने आपले काम केलेच. तुम्ही उद्या सकाळी तो कप सिंकखालून काढा, तळाची फुली घासून काढा, आणि सर्वांच्या देखत तो इतर कपांमध्ये ठेवा. कोणी काही बोलले, तर कपातून हा आजार पसरत नाही एवढे सांगा; हे माहीत असण्यासाठी पॉझिटिव्ह असावे लागत नाही.

राहता राहिला तो सहकारी. त्याच्याविषयीची कुजबुज खरी की खोटी हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्ही ते शोधूही नये. तुम्ही स्वतःबद्दल बोलाल तेव्हा त्याचे नाव, त्याचा कप, ‘आपल्यातले आणखीही कोणी’ असला सूचक उल्लेख, काहीही येऊ देऊ नका. तुमचे ऐकून तो कधी तुमच्याकडे आला, तर त्याचे ऐकून घ्या आणि त्याला तुमच्या डॉक्टरांचे नाव द्या. तो आला नाही, तर त्याच्याकडे जाऊ नका.

तुमची,
ताई