आजोबांच्या दुनळी बंदुकीची किंमत कशी ठरते?

प्रश्न : आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक सध्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे. बाहेरून दोन घोडे, नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आणि कडेला ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नाव. वेस्टली रिचर्ड्सच्या बंदुका परदेशात लाखोंना जातात असं वाचलं. आमच्या बंदुकीचे किती येतील?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नावावरून आकडा मनात धरू नका. १८१२ पासूनची बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स कंपनी आपलं नाव पूर्ण कोरते. नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ लिहिलेल्या स्वस्त बेल्जियन बंदुका त्या काळी पुष्कळ खपल्या. इंग्लंडमध्येही त्या नावाचे बंदूककार होते, त्यामुळे फक्त नावावरून काहीच ठरत नाही.

खरी कुंडली नळ्यांच्या पोटावर असते. विक्रेत्यालाच बंदूक उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसायच्या जागा) रिकामे असल्याची खात्री करायला सांगा. मग पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या करायच्या आणि मागच्या टोकाच्या खालच्या सपाट भागावरचे छोटे ठसे भिंगाने वाचायचे. अंडाकृती चौकटीत ई-एल-जी अक्षरं असतील तर नळ्या बेल्जियममधल्या लिएज इथे तपासलेल्या. मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही असेल तर बर्मिंगहॅम, १९०४ नंतरची तपासणी; त्याआधीच्या बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड दिसतात. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) हे शब्द १८७५ ते १८८७ मधले. ‘नायट्रो प्रूफ’ (आजच्या धूररहित दारूसाठी तपासलेली) हे शब्द १८९६ पासूनचे.

हा शेवटचा ठसा तुमच्यासाठी कळीचा आहे. लहरींची नक्षी म्हणजे दमास्कस नळी : लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, एकजीव केलेली. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी बनल्या. नायट्रो ठसा नसेल तर आजचं काडतूस त्यात घालायचंच नाही. ठसा असला तरी नंतर आतून घासून नळी मोठी केली असेल तर तो ठसा आज उपयोगाचा नाही. म्हणून नळीचा आतला व्यास आणि भिंतीची जाडी मापकाने मोजून घ्या. इंचाच्या वीस हजारांशाहून, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरहून, पातळ भिंत आढळली की जाणकार ती नळी बाद धरतात. किंमत पडते ती मुख्यतः इथेच.

चेंबरची लांबीही मोजून घ्या. जुन्या बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे आजच्या भाषेत ६५ मिमी काडतुसाचे. ७० मिमीचं काडतूस त्यात सहज बसतं, कारण त्याचं तोंड मुडपून बंद असतं; उडताना मात्र ते उलगडून पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. नुसतं ‘बसलं’ म्हणून ‘चालतं’ असं समजू नका.

नळ्या मागच्या आकड्याला टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. खरखरीत, फुटका आवाज आला तर झाळ (नळ्या नि पट्टी जोडणारा धातू) सुटली आहे. तोंडाकडे बघा : दोन नळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात. मध्ये झाळ भरलेली फट दिसली तर बंदूक कापून आखूड केलेली आहे आणि संग्राहक तिथेच मागे फिरतो. नळ्या, मधला पोलादी भाग, चापाचं कडं यांवरचे क्रमांक जुळतात का, हेही पाहा.

हे सगळं कागदावर उतरवल्यावरच दोन-तीन विक्रेत्यांकडून भाव मागवा. लंडनच्या लिलावातला भाव इथे लागत नाही, कारण इथला ग्राहक परवानाधारकच हवा आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. ई-एल-जी ठसा आणि बाद झालेल्या नळ्या असतील, तर मोठ्या रकमेची आशा सोडलेली बरी.

प्रश्न : जुनी बंदूक विकण्याआधी तिच्या लाकडाला पॉलिश आणि नळ्यांना नवा काळा रंग देऊ का? आईच्या मते ती वारसा म्हणून घरातच ठेवावी.
– दुसरे वाचक, नाशिक

उत्तर : पॉलिश अजिबात नको. दस्त्यावरची जाळीदार कोरीव नक्षी घासली गेली, ठसे पुसट झाले की ओळखच जाते. गंज दिसला तर हलक्या तेलाचा बोळा पुरे. मूळ पेटी, तिच्यातलं लेबल, जुनं बिल असेल तर जपून ठेवा. त्याने भाव खरोखर वाढतो.

आईंचं म्हणणंही करता येईल. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मागता येतो. बाकी वारसांचं ना-हरकत पत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा. तोवर बंदूक जमा असलेल्या जागीच राहू द्या आणि जमा केल्याची पावती सांभाळा.