वाचक विचारतात : प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) उघड पाठिंबा द्यायचाय, पण…

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे, पत्नी अमेरिकन नागरिक. दोघांनाही एकच उमेदवार आवडतो. मी देणगी देऊ का? प्रचाराला जाऊ का?

उत्तर : देणगी अजिबात नको, पाच डॉलरचीही. परदेशी नागरिकाला अमेरिकेतल्या कुठल्याच निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. ग्रीन कार्ड हाती आलं की ही बंदी सुटते. मतदानासाठी मात्र नागरिकत्वच लागतं. लोक फसतात ते टोपी-टीशर्टात. उमेदवाराच्या अधिकृत दुकानातून घेतलेली टोपी ही कायद्याच्या लेखी देणगीच असते.

पत्नीनं खुशाल द्यावी, पण स्वतःच्या पैशातून. तुम्ही तिच्या हातात रक्कम ठेवून तिच्या नावावर भरायला लावलीत, तर तो वेगळा गुन्हा. २०२४ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला एका व्यक्तीकडून प्रायमरीसाठी ३,३०० आणि मुख्य निवडणुकीसाठी तेवढेच डॉलर अशी मर्यादा होती. ती दर दोन वर्षांनी महागाईप्रमाणे बदलते. एकूण देणगी २०० डॉलरच्या पुढे गेली की देणाऱ्याचं नाव, गाव, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव सरकारी नोंदीत कोणालाही दिसतं. ॲक्टब्लू (डेमोक्रॅट) किंवा विनरेड (रिपब्लिकन) या ऑनलाइन देणगी गोळा करणाऱ्या सेवांमार्फत दिलेले दहा डॉलरही तिथे सापडतात. ऑफिसात कळू नये असं वाटत असेल तर हे आधी लक्षात घ्या.

प्रचाराला जरूर जा. फोन करा, दारोदार फिरा, पत्रकं वाटा. फक्त मोबदला घ्यायचा नाही, आणि खर्च किंवा धोरण ठरवणाऱ्या बैठकीत बसायचं नाही.

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये राहतो. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) म्हणतं यार्ड साइन (अंगणातली प्रचाराची पाटी) काढा. खरंच काढावी लागेल?

उत्तर : कधी लावली त्यावर आहे. मतदानाच्या ९० दिवस आधीपासून एचओएला ती सरसकट अडवता येत नाही. तिथली प्रायमरी मार्चच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे साधारण डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून तुमची बाजू भक्कम. पाटी जमिनीत रोवलेली हवी, ४ बाय ६ फुटांहून मोठी नको आणि उमेदवारामागे एकच, असे नियम एचओए लावू शकतं.

जागा निवडताना फुटपाथ आणि रस्ता यांमधली हिरवळीची पट्टी टाळा. गवत तुम्ही कापता, पण ती जागा बहुधा सार्वजनिक हद्दीत येते आणि पालिकेची माणसं पाटी उचलून नेतात. पन्हळी प्लॅस्टिकच्या नळ्या उभ्या येतील अशी पाटी धरा, एच आकाराच्या तारेची टोकं त्यांत सरकवा आणि खालची आडवी दांडी जमिनीला टेकेपर्यंत तार पायानं दाबा. पावसानं माती भिजली की पुन्हा दाबायची, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात ती शेजाऱ्याच्या अंगणात.

मतदानाला जाताना मात्र उमेदवाराचा टीशर्ट, बिल्ला घरीच ठेवा. मतदान केंद्राच्या १०० फुटांच्या आत टेक्ससमध्ये ते चालत नाही.

प्रश्न : मी महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष आहे. गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या उमेदवारासाठी दोन शब्द बोललो तर?

उत्तर : मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था असेल, आणि बहुतेक मंडळं असतात, तर नाही. १९५४ पासून अशा संस्थांना उमेदवाराची बाजू घेता येत नाही; करसवलत जाऊ शकते. आरती संपल्यावर माइक तुमच्याच हातात असतो, पण तो मंडळाचा असतो. लेटरहेड, सभासदांची ईमेल यादी, व्हॉट्सॲप गट यांनाही हेच लागू. स्वतःच्या घरी, स्वतःच्या नावानं हवं तितकं बोला.

प्रश्न : न्यू जर्सीत माझी नोंद डेमोक्रॅट म्हणून आहे. आवडलाय रिपब्लिकन उमेदवार. त्याला प्रायमरीत मत देता येईल?

उत्तर : प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पक्षबदलाचा फॉर्म म्युनिसिपल क्लार्ककडे पोचला तरच. प्रायमरी जूनच्या सुरुवातीला, त्यामुळे मुदत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच संपते. ज्यांची नोंद कुठल्याच पक्षात नाही, त्यांना मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. मत दिलं की त्या पक्षात नोंद होते.