कर्ज तुमच्या नावावर, कार्ड त्यांच्या खिशात

चोपडा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षिकेने विचारले आहे, की ६ लाखांचे वैयक्तिक कर्ज काढून ते ‘दहा वर्षांत दुप्पट’ होणाऱ्या विमा योजनेत गुंतवावे का. एजंट पतीचा मित्र आहे.

गुंतवू नका. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम ७ टक्के, तेही एजंटाच्या तोंडी. कर्ज १३ टक्क्यांचे. पाच वर्षे दरमहा साधारण १३,६५० रुपयांचा हप्ता, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास व्याज. यात कमाई फक्त कमिशनची आहे.

ताई, काळजी वाटते ती तुम्ही ओघात लिहून गेलात त्या गोष्टींची. पगार ५५ हजार, पण एटीएम कार्ड आणि बँकेचे मेसेज येणारा मोबाइल पतीकडे. पतपेढीचे ३ लाखांचे कर्ज तुमच्या नावावर, पण ते पैसे कुठे गेले हे ठाऊक नाही. आईने दिलेली पोत न विचारता तारण ठेवलेली. आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचे तर एसटीच्या भाड्यासाठीही हात पसरायचा. ‘व्यवहार तेच पाहतात’ असे तुम्ही म्हणता. व्यवहार एकाने पाहण्यात गैर काही नाही, पण हिशेब विचारताच नोकरी सोडायला लावण्याची धमकी मिळत असेल, तर तो आर्थिक छळ आहे, आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यात त्याची स्पष्ट नोंद आहे. स्त्रीधन परत देण्याचा आदेशही त्याखाली न्यायदंडाधिकारी देऊ शकतात.

कार्ड मात्र घाईने बंद करू नका. त्याचा मेसेज आधी पतीच्याच मोबाइलवर जाईल, आणि पुढे घरात काय होईल हे तुम्हीच जाणता. म्हणून शाळेतून, एखाद्या विश्वासू सहकारी शिक्षिकेच्या फोनवरून, प्रथम १८१ या महिला हेल्पलाइनशी किंवा याच कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांशी बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. राहण्याची आणि सुरक्षिततेची सोय ठरल्यावरच बँकेत जाऊन खात्याला स्वतःचा नंबर जोडा आणि पिन बदला.

तोवर कर्जदार किंवा जामीनदार म्हणून कुठेही सही करू नका. थेट नकार देणे अवघड असेल, तर वेतनाचा दाखला मिळालेला नाही, असे सांगून दिवस काढा. आपला क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. आणखी कर्जे निघाली आहेत का, ते त्यात पाहा. पतपेढीतून कर्जखात्याचा उतारा मिळाला की तो पाठवा, म्हणजे त्या ३ लाखांच्या फेडीचे गणित मांडता येईल.